गोष्टीत नसलेली माणसं

बायबलमधल्या लूकच्या शुभवर्तमानाच्या अगदी शेवटच्या अध्यायात अम्माऊसच्या वाटेवरची गोष्ट येते. येशूला क्रुसावर देऊन तिसरा दिवस आहे. त्याचे दोन शिष्य यरुशलेम सोडून अम्माऊस नावाच्या गावाकडे पायी निघालेत, मनाने पार खचलेले. वाटेत एक अनोळखी माणूस त्यांना गाठतो, सोबत चालू लागतो, शास्त्रातले दाखले देत त्यांची समजूत काढतो. गाव येतं, दिवस कलतो. तो पुढे निघाल्यासारखं करतो तेव्हा हे दोघं त्याला आग्रहाने थांबवून घेतात. जेवायला बसल्यावर तो भाकर हातात घेतो, आशीर्वाद देतो, मोडून त्यांच्या हातात ठेवतो आणि त्या क्षणी त्यांचे डोळे उघडतात. हा तर येशू! ओळख पटते न पटते तोच तो दिसेनासा होतो.

पैठणला नाथांच्या घरी बारा वर्षं पाणी भरणाऱ्या श्रीखंड्याची गोष्ट ऐकत वाढलेल्या माणसाला हे परकं वाटत नाही. देव घरात होता आणि कळलं तेव्हा गेला होता, ही हळहळ आपल्या ओळखीची आहे.

लूकने सगळं फार थोडक्यात सांगितलंय. घर कोणाचं होतं, सांगत नाही. भाकरीशिवाय ताटात काय होतं, सांगत नाही. दोघांपैकी एकाचं नाव क्लयपा, दुसऱ्याचं नावच देत नाही. वाढायला कोण होतं, चूल कोणी पेटवली, पाहुण्याचे पाय धुवायला पाणी कोणी दिलं, याचा पत्ता नाही. लिहिणाऱ्याला तेवढ्यात भागवता येतं. चित्रकाराला येत नाही. टेबल काढायचं तर त्यावर काहीतरी मांडावं लागतं, आणि मांडलेलं कोणीतरी आणून ठेवलेलं असतं. युरोपातली ही चित्रं पाहताना मी मुद्दाम त्या ‘कोणीतरी’ला शोधते. येशू कसा काढायचा याचे संकेत पिढ्यानपिढ्या ठरत आलेले असत, चर्चचा डोळाही त्याच्यावरच असे. पण जो मूळ गोष्टीत नाहीच त्याच्या बाबतीत चित्रकार बराच मोकळा होता. त्याने स्वतः ती गोष्ट कशी वाचली, हे मला त्या माणसाच्या चेहऱ्यावर सापडतं.

काराव्हाज्जो या इटालियन चित्रकाराने ‘अम्माऊसचं भोजन’ १६०१ मध्ये रोममधल्या चिरिआको मात्तेई या धनिकासाठी काढलं. आज ते लंडनच्या नॅशनल गॅलरीत आहे. त्यातला येशू दाढी नसलेला, गुबऱ्या गालांचा, तरुण आहे. तो ‘निराळ्या रूपात’ दिसला असं मार्कच्या शुभवर्तमानात एक ओझरतं वाक्य आहे, त्याचा हा आधार असावा. डावीकडचा शिष्य खुर्चीचे हात धरून उठायच्या बेतात आहे. त्याच्या हिरव्या अंगरख्याची बाही कोपरावर फाटलीय आणि तिथून पांढरं दिसतंय. उजवीकडच्याने दोन्ही हात असे फाकलेत की एक पंजा आपल्या अंगावर येतो नि दुसरा मागच्या अंधारात बुडतो. टेबलावर पाव, भाजलेली कोंबडी आणि फळांची परडी. ती परडी टेबलाच्या कडेबाहेर इतकी आलीय की हात पुढे करून सावरावीशी वाटते. सतराव्या शतकात चित्रकारांची चरित्रं लिहिणाऱ्या बेल्लोरीने या चित्राला नाव ठेवलं ते या फळांवरूनही: ईस्टर वसंतात, मग द्राक्षं-डाळिंबं कुठून आली?

मला त्या चित्रात सगळ्यात जास्त वेळ थांबवतो तो खानावळवाला. येशूच्या बाजूला उभा आहे. डोक्यावर पांढरी टोपी, बाह्या वर सारलेल्या. तो पाहतोय, आणि नीट लक्ष देऊनच पाहतोय, पण त्याला काहीच कळलेलं नाही. दोन गिऱ्हाइकं एकदम का दचकली, जेवणात काही चुकलं का, एवढाच प्रश्न त्याच्या कपाळावर आहे. त्याने टोपी काढलेली नाही, कारण टोपी काढावी असं समोर काही घडतंय हे त्याच्या गावीही नाही. चित्रातला उजेड त्याच्या तोंडावर स्वच्छ पडलाय. तोच उजेड, तेच अंतर, तोच पाव. शिष्यांचे डोळे उघडले, असं लूक म्हणतो. काराव्हाज्जोने त्या वाक्यातला ‘शिष्यांचे’ हा शब्द धरला आणि शेजारी न उघडलेले डोळे उभे केले. आणखी एक गोष्ट त्याने केली. या खानावळवाल्याची सावली मागच्या भिंतीवर नेमकी येशूच्या डोक्यामागे पडते. जिथे जुन्या चित्रांत सोनेरी प्रभावळ असायची तिथे एका न कळलेल्या माणसाची काळी सावली आहे. ज्याला काही दिसलं नाही त्याच्याच देहाने देवाची प्रभावळ झाली. हे मी पहिल्यांदा लक्षात घेतलं तेव्हा अंगावर काटा आला होता.

पाच वर्षांनी त्याने हाच प्रसंग पुन्हा काढला. मधल्या काळात, मे १६०६ मध्ये, रोममध्ये एका मारामारीत त्याच्या हातून रानुच्चो तोमासोनीचा खून झाला होता आणि तो शहर सोडून कोलोन्ना घराण्याच्या मुलखात लपला होता. ते दुसरं चित्र मिलानच्या ब्रेरा संग्रहालयात आहे. फळांची परडी गेली, कोंबडी गेली. शिष्यांचे हात आवरले. रंग मातकट झाले, अंधार टेबलापर्यंत आला. पण माणूस एक वाढला: खानावळवाल्याच्या शेजारी एक म्हातारी, हातात मांसाची ताटली घेतलेली, चेहरा सुरकुत्यांनी भरलेला, नजर खाली. ती समोर पाहतसुद्धा नाही. तिला ताटली ठेवायची आहे आणि बसायचं आहे, इतकी ती दमलीय. पळून आलेल्या, खून केलेल्या माणसाला ही बाई गोष्टीत हवीशी का वाटली असेल, याचा मी बराच विचार केलाय. पहिल्या चित्रात न कळणं हा जरा नवलाचा भाग होता. इथे तसं नाही. दिवसभर राबलेल्या बाईला डोळे उघडायला त्राण कुठून असणार, असं ते चित्र म्हणतं, आणि तिला त्याबद्दल दोष देत नाही. मला दुसरं चित्र अधिक प्रौढ वाटतं, त्याला लंडनच्या चित्राइतकी गर्दी लाभत नसली तरी.

गोष्टीत नसलेल्यांना आत घेण्याची रीत काही काराव्हाज्जोने सुरू केली नाही. ती फार जुनी आहे. वसईतल्या किंवा गोव्यातल्या कुठल्याही नाताळच्या गोठ्यात बैल आणि गाढव असतातच. लूकच्या मजकुरात ते नाहीत. तिथे फक्त बाळाला बाळंत्याने गुंडाळून गव्हाणीत निजवलं एवढं आहे. तरीही चौथ्या शतकातल्या दगडी शवपेट्यांवर कोरलेल्या जन्मदृश्यांत ही दोन जनावरं हजर आहेत. ती आली यशया संदेष्ट्याच्या एका जुन्या वचनातून. बैल आपला धनी ओळखतो, गाढव मालकाची गव्हाण ओळखतं, माझे लोक मात्र मला ओळखत नाहीत, असं तिथे देव तक्रारीच्या सुरात बोलतो. म्हणजे ही जनावरं गोठा भरायला आणलेली नव्हती. ओळखणारे साक्षीदार म्हणून आणलेली होती. १२२३ मध्ये संत फ्रान्सिसने ग्रेच्चो गावात जिवंत बैल-गाढव उभं करून नाताळ साजरा केला आणि त्यानंतर गोठ्याची ही प्रथा पसरत गेली.

अशा उपऱ्या पात्रांपायी एका चित्रकाराला न्यायासनासमोर उभं राहावं लागलं. तारीख १८ जुलै १५७३, गाव व्हेनिस, चित्रकार पाओलो व्हेरोनेझे. इन्क्विझिशन हा शब्द मराठी माणसाला गोव्याच्या इतिहासामुळे ठाऊक आहे. तिथे ते १५६० मध्ये आलं. व्हेनिसमध्येही ते होतं, आणि या चौकशीच्या दहा वर्षं आधी संपलेल्या ट्रेंटच्या धर्मपरिषदेने चर्चमधल्या चित्रांत अनुचित काही नसावं असं बजावलं होतं. व्हेरोनेझेने सांती जोव्हान्नी ए पाओलो या डॉमिनिकन मठाच्या भोजनगृहासाठी येशूचं शेवटचं भोजन काढलं होतं. आधी तिथे तित्सिआनोचं चित्र होतं, ते १५७१ च्या आगीत जळालं. नवं चित्र साडेपाच मीटर उंच, जवळजवळ तेरा मीटर रुंद. तीन भव्य कमानी, त्यांच्यामागे संगमरवरी शहर, मधल्या कमानीत येशू. आणि भोवती माणसंच माणसं. हातावर पोपट घेतलेला विदूषक, नाकातून रक्त येणारा नोकर, जिन्यात खात-पीत उभे असलेले जर्मन वेशातले भालेदार, काट्याने दात कोरणारा एक, आणि अगदी पुढे मधोमध एक कुत्रा.

त्या चौकशीतली प्रश्नोत्तरं लिहून ठेवलेली आहेत म्हणून आज वाचता येतात. त्या रात्री येशूबरोबर खरोखर कोण कोण होतं असं तुम्हाला वाटतं, असं त्याला विचारलं. येशू आणि त्याचे शिष्य, तो म्हणाला, पण चित्रात जागा उरली तर मी ती माझ्या कल्पनेतल्या माणसांनी सजवतो. रक्त येणारा नोकर कशासाठी? काही अपघाताने त्याच्या नाकातून रक्त आलंय. विदूषक कशासाठी? शोभेसाठी, रिवाज आहे तसा. भालेदारांबद्दल विचारल्यावर तो म्हणाला की कवी आणि वेडे जी मोकळीक घेतात तीच आम्ही चित्रकार घेतो. घरमालक श्रीमंत आणि थोर होता असं मी ऐकलंय, त्याच्याकडे असे नोकर असणारच. जर्मनांवर रोख का होता हे त्या काळात सगळ्यांना कळत होतं, कारण पोपविरुद्ध बंड केलेला ल्यूथर तिकडचा. कुत्र्याच्या जागी मग्दालिया मरिया काढा असं मठाच्या प्रमुखाने आधीच सुचवलं होतं. ती तिथे शोभणार नाही, असं व्हेरोनेझेचं मत होतं.

निकाल लागला की तीन महिन्यांत स्वखर्चाने चित्र दुरुस्त करायचं. व्हेरोनेझेने विदूषकाला हाकललं नाही, कुत्राही तिथेच राहिला. कठड्यावर त्याने लॅटिनमध्ये एक ओळ लिहिली: लेवीने प्रभूला मोठी मेजवानी दिली, लूक, अध्याय ५. शेवटच्या भोजनाचं ‘लेवीच्या घरची मेजवानी’ झालं, आणि त्याच नावाने ते आज व्हेनिसच्या आकादेमियात आहे.

ही शक्कल म्हणून पुष्कळदा सांगितली जाते. मला त्यात शकलेपेक्षा जास्त काहीतरी दिसतं. लूकचा पाचवा अध्याय उघडून पाहा. लेवी हा जकातदार, म्हणजे लोकांच्या तिरस्काराचा धनी. येशू त्याला बोलावतो, लेवी घरी मोठं जेवण घालतो, पंगतीला जकातदार आणि तसलेच लोक. परुशी आणि शास्त्री, म्हणजे कर्मठ धर्मपंडित, कुरकुरतात की तुम्ही अशा लोकांबरोबर खातापिता कसे? त्यावर येशूचं उत्तर असं की वैद्याची गरज आजाऱ्याला असते, धडधाकटांना नसते. व्हेरोनेझेला चौकशीत विचारलेला प्रश्न आणि परुश्यांनी विचारलेला प्रश्न यांत मला फरक दिसत नाही. प्रभूच्या पंगतीला ही माणसं कशी? त्याने चित्राला नवं नाव दिलं तेव्हा उत्तरही त्या नावातच देऊन टाकलं. त्याने हे जाणून केलं की सुटका म्हणून केलं, याने मला फार फरक पडत नाही. विदूषक, दारुडे, परक्या देशाचे शिपाई यांना जागा असलेली पंगत त्याने आधीच काढून ठेवली होती. शुभवर्तमानात तिच्यासाठी जागाही होती.

गोव्याच्या आंजेलो द फोन्सेकाची आठवण मला इथे होतेच. १९०२ मध्ये सांतु इस्तेव्हला जन्मलेला हा चित्रकार शांतिनिकेतनात अवनींद्रनाथ ठाकुरांकडे शिकला आणि परत येऊन त्याने मरियेला गोव्याच्या बाईसारखी, साडी नेसलेली काढली. गोव्यातल्या पुष्कळ धर्मनिष्ठांना ते सोसलं नाही. युरोपी वेशातली मरिया त्यांच्या लेखी खरी होती, आणि व्हेनिसच्या चित्रकारांनी तिला व्हेनिसची बाई केलं होतं याचा विसर पडला होता. फोन्सेका गोवा सोडून पुण्याला ख्रिस्त प्रेम सेवा आश्रमात राहिला आणि १९६७ मध्ये गेला. त्याची बरीच चित्रं आता गोव्यात पर्वरीला झेव्हियर सेंटरमध्ये आहेत. पुण्यात इतकी वर्षं काम केलेल्या या माणसाचं नाव पुणेकरांनाही फारसं माहीत नसावं, याचं मला वाईट वाटतं.

व्हेरोनेझेचंच त्याआधीचं, १५६३ चं ‘कानाचं लग्न’ (काना हे गावाचं नाव) पॅरिसच्या लूव्रमध्ये आहे. नेपोलियनच्या सैन्याने १७९७ मध्ये व्हेनिसच्या मठातून ते उचलून नेलं. जवळजवळ सात मीटर उंच, दहा मीटर रुंद, सव्वाशेच्या वर माणसं. ‘मोनालिसा’ त्याच्या समोरच्या बाजूला असल्याने लोक त्याच्याकडे पाठ करून उभे असतात. योहानाच्या शुभवर्तमानातली ही गोष्ट बहुतेकांना माहीत असते: लग्नघरचा द्राक्षारस संपतो, येशू सहा दगडी रांजण पाण्याने भरायला सांगतो, त्या पाण्याचा द्राक्षारस होतो. पण त्या मजकुरात एक छोटं वाक्य आहे, त्यावरून नजर सहज घसरते. भोजनकारभाऱ्याने चव घेतली, पण रस कुठून आला ते त्याला कळलं नाही. पाणी काढणाऱ्या नोकरांना मात्र ठाऊक होतं. नवऱ्या मुलाला माहीत नाही, पाहुण्यांना माहीत नाही. चमत्कार माहीत आहे तो पाणक्यांना. व्हेरोनेझेच्या त्या अवाढव्य चित्रात पिवळ्या-हिरव्या रेशमाच्या गर्दीत, उजव्या कोपऱ्याशी, रांजण ओतणारा माणूस म्हणूनच मी सगळ्यात आधी शोधते. जॉत्तोने पादुआच्या छोट्या देवळात, १३०५ च्या सुमारास, याच लग्नात एक ढेरपोट्या चव घेणारा काढला. त्याचं पोट आणि शेजारचे रांजण एकाच आकाराचे आहेत. तो मन लावून पितोय. त्यालाही ठाऊक नाही.

आता स्वयंपाकघराकडे येते.

चित्रकार दिएगो वेलास्केझ १५९९ मध्ये स्पेनमधल्या सेव्हियात जन्मला. अठरा-एकोणीस वर्षांचा असताना त्याने काही स्वयंपाकघरं काढली. त्यांतलं एक, १६१८ चं, लंडनला आहे. समोर टेबल आणि त्यावर चार मासे, ताटलीत दोन अंडी, लसणाच्या पाकळ्या, एक सुकलेली लाल मिरची. तरुण मोलकरीण पितळी खलबत्त्यात काहीतरी कुटतेय. तिचे हात कामाने लाल झालेत. मिरची तेव्हा अमेरिकेतून युरोपात येऊन सव्वाशेच वर्षं झाली होती. पोर्तुगिजांच्या गलबतांतून ती सोळाव्या शतकात आपल्याकडे गोव्यात उतरली. त्या मुलीमागे एक म्हातारी उभी राहून बोट दाखवतेय. आणि उजवीकडे वर, भिंतीतल्या चौकटीत, लहानसं दुसरं दृश्य आहे: येशू बसलाय, मरिया पायाशी बसून ऐकतेय, मागे मार्था उभी आहे. ती चौकट खिडकी आहे, आरसा आहे की भिंतीवरचं चित्र, यावर जाणकारांचं एकमत नाही.

मार्था-मरियेची गोष्ट बायकांना फार लागते. मार्था घरभर राबतेय, बहीण मात्र प्रभूच्या पायाशी बसलीय. तिला सांगा ना मला हात लावायला, असं मार्था म्हणते. तू फार गोष्टींची चिंता करतेस, मरियेने चांगला वाटा निवडला, असं येशू म्हणतो. लूकने इथे गोष्ट थांबवली. त्या दिवशी जेवण झालं का, कोणी वाढलं, मार्था पुन्हा आत गेली का बसली, काही नाही. वेलास्केझने त्या दोघी बहिणींना लांब चौकटीत ठेवलं आणि जिच्याबद्दल कोणी भांडलंच नाही तिला पुढ्यात आणून उभं केलं. ती पडेल चेहऱ्याने आपल्याकडे पाहतेय, डोळ्यांत पाणी येईल असं वाटतं. म्हातारी तिला काय सांगतेय? मरियेसारखी ऐकायला बस, की तोंड पाडू नकोस, काम कर? मला हे चित्र कधीच धड उलगडलेलं नाही आणि त्याने त्याचं वजन कमी होत नाही. मार्थेला निदान तक्रार करायला जागा होती, घर तिचं होतं. या मुलीच्या वाटेला चांगला वाटा आणि वाईट वाटा असे दोन पर्याय आलेच कुठे?

दुसरं चित्र डब्लिनमध्ये, आयर्लंडच्या नॅशनल गॅलरीत आहे. लहान आणि आडवं, दोन फुटांहून थोडं कमी उंच, लांबी त्याच्या दुप्पट. त्यात आफ्रिकी वंशाची एक तरुण मोलकरीण टेबलावर किंचित झुकून उभी आहे. पांढरी टोपी, एक हात झिलईच्या सुरईवर, समोर खलबत्ता, लसूण, पालथे घातलेले वाडगे, मागे भिंतीवर टांगलेली टोपली. त्या काळच्या सेव्हियात आफ्रिकेतून आणलेल्या गुलामांची मोठी वस्ती होती, आणि ही मुलगी गुलाम असण्याची शक्यताच जास्त. कित्येक वर्षं हे चित्र म्हणजे नुसतं स्वयंपाकघर असंच सगळे समजत होते. १९३३ मध्ये ते साफ केलं तेव्हा डाव्या वरच्या कोपऱ्यातला जुना रंग निघाला आणि खाली एक झरोका दिसला. झरोक्यात टेबल, येशू आणि एक शिष्य. चित्राची ती कड कधीतरी कापली गेलीय, त्यामुळे दुसऱ्या शिष्याचा फक्त हात उरलाय. म्हणजे ते अम्माऊस होतं. कोणीतरी कधीतरी येशूवर रंग फासून तिला एकटं ठेवलं होतं.

त्या चित्रासमोर मी बराच वेळ होते. तिची मान एका बाजूला कलली आहे. ती झरोक्याकडे पाहत नाही, तिची पाठ तिकडे आहे. पण काम थांबलंय. सुरईवरचा हात नुसता टेकलेला आहे, उचलत नाही की ठेवत नाही. काहीतरी कानावर पडल्यावर माणूस जसा क्षणभर थबकतो तशी ती थबकलीय. लूकच्या गोष्टीतले शिष्य त्याला वाटभर ऐकतात आणि ओळखत नाहीत. भाकर मोडताना पाहिल्यावर ओळखतात. वेलास्केझने उलट केलं. जी पाहू शकत नाही तिला आवाजावरून कळतंय. काराव्हाज्जोचा खानावळवाला हातभर अंतरावरून बघूनही चुकला आणि ही भिंतीपलीकडून ऐकून पोचली, असं मी वाचते. हे माझं वाचणं झालं. ती फक्त दमून उभी आहे असं म्हणणाऱ्याशी मी हुज्जत घालणार नाही. पण अठरा वर्षांच्या पोराला हे सुचलं, आणि तेही त्या मुलीला बाजारात किंमत होती अशा शहरात, याचं मला अपार मोल वाटतं. याच वेलास्केझकडे पुढे हुआन दे पारेखा नावाचा गुलाम होता, आणि त्याला मुक्त करण्याचा कागद त्याने लिहून दिला तो १६५० मध्ये. या मुलीच्या चित्रानंतर तीसेक वर्षांनी. चित्रात जे दिसलं ते घरात दिसायला एवढा काळ गेला. हे लिहिल्याशिवाय पुढे जाणं मला बरोबर वाटत नाही.

डच चित्रकार रेम्ब्रांटनेही तरुणपणी, १६२९ च्या सुमारास, एक अम्माऊस काढलं, ते पॅरिसला आहे. येशू नुसता काळा आकार, मागून उजेड, एक खुर्ची उलथलेली, एक शिष्य त्याच्या पायाशी अंधारात कोसळलेला. आणि पार मागे, दुसऱ्या एका मिणमिणत्या दिव्यापाशी, एक बाई काम करतेय. ती वळलेलीही नाही. दोन दिवे, दोन खोल्या.

फ्लँडर्सचा चित्रकार ब्रूगेल याच्या चित्रातल्या एका बाईबद्दल लिहायचंच आहे. ‘कालव्हरीची यात्रा’, १५६४, व्हिएन्ना. कालव्हरी म्हणजे येशूला क्रुसावर दिलं ती टेकडी. शेकडो माणसं जत्रेला निघाल्यासारखी तिकडे चालली आहेत, फ्लँडर्सची माणसं, त्याच्या गावातली. लाल अंगरख्यांचे घोडेस्वार सोबतीला. स्पेनच्या राजाचे शिपाई असेच फिरत, ते पाहणाऱ्याला लगेच कळे. येशू मधोमध क्रुसाखाली पडलाय आणि तरी शोधावा लागतो, इतका लहान. मार्क सांगतो की कुरेनेकर शिमोन नावाचा एक माणूस बाहेरगावाहून येत होता, त्याला शिपायांनी क्रूस वाहायला वेठीस धरलं. तो आलेक्सांद्र आणि रूफ यांचा बाप, एवढं मार्क नोंदवतो. पोरं आहेत म्हणजे घरी त्यांची आईही असणार. मार्कला तिचं काम नव्हतं. ब्रूगेलने तिला आणलं. डावीकडे खाली शिपाई शिमोनला ओढताहेत आणि त्याची बायको दोन्ही हातांनी त्याला मागे खेचतेय. तिच्या कमरेला जपमाळ लोंबतेय. रोज ज्याच्या नावाने माळ ओढते तो पन्नास पावलांवर पडलाय, त्याचं ओझं उचलायला नवऱ्याला नेताहेत, आणि ती जीव खाऊन नवऱ्याला सोडवतेय. मी कितीदा या बाईला दोष द्यायचा प्रयत्न केला असेल, जमत नाही. दरवेळी वाटतं, सुटो तो तिच्या हाताला.

आणि मग चित्रकार स्वतः. इग्नेशियस लोयोलाच्या साधनेच्या पुस्तकात, जे १५४८ मध्ये छापलं गेलं, साधकाला सांगितलंय की येशूच्या जन्माचं ध्यान करताना आपण तिथे एक गरीब, अपात्र दास होऊन उभे आहोत असं मनात आणावं, त्यांना पाहावं, त्यांची सेवा करावी. नम्र आणि सुंदर जागा आहे ती. मोठ्या चित्रकारांतल्या दोघांनी मात्र स्वतःला ती जागा दिली नाही. रेम्ब्रांटच्या १६३३ च्या सुमाराच्या ‘क्रूस उभारताना’ या म्युनिकच्या चित्रात निळ्या टोपीचा एक माणूस क्रुसाला हात लावून तो उभा करायला मदत करतोय. चेहरा रेम्ब्रांटचा. वेश त्याच्या स्वतःच्या काळचा. हे चित्र डच राज्याचा प्रमुख फ्रेडरिक हेंड्रिक याच्या संग्रहासाठी होतं, म्हणजे दरबारी लोकांच्या डोळ्यांपुढे त्याने हे केलं.

काराव्हाज्जोचं ‘ख्रिस्ताला पकडलं’ हे चित्र १६०२ चं, त्याच मात्तेईसाठी काढलेलं. ते फार वर्षं हरवल्यातच जमा होतं. डब्लिनमध्ये जेझुइटांच्या घरी, जेवणाच्या खोलीत, दुसऱ्याच एका डच चित्रकाराच्या नावावर ते टांगलेलं होतं, आणि १९९० मध्ये ओळखलं गेलं. सात माणसं एकमेकांत कोंबलेली. दगा देणाऱ्या यहूदा या शिष्याने येशूला मिठी मारलीय, शिपायाची काळी लोखंडी बाही मध्ये लखलखतेय. येशूने हात खाली गुंफून घेतलेत, तो कोणालाच ढकलत नाही. अगदी उजव्या कडेला एक माणूस टाचा उंचावून कंदील धरतोय आणि गर्दीवरून डोकावतोय. तो काराव्हाज्जो. कंदील, मशाली घेऊन लोक आले होते एवढं योहानाच्या शुभवर्तमानात आहे. धरणाऱ्याचं नाव नाही. जरा निरखून पाहिलं की कळतं, त्या कंदिलाचा उजेड कोणावरच पडत नाही. चित्रातला सगळा प्रकाश डावीकडून, वरून, भलतीकडूनच येतो.

हे चित्र आता आयर्लंडच्या नॅशनल गॅलरीतच आहे, वेलास्केझच्या मोलकरणीच्या इमारतीत. कायमचा संग्रह पाहायला तिकीट लागत नाही. डब्लिनमध्ये आता मराठी घरं बरीच आहेत, कोणाकडे ना कोणाकडे आपलं जाणं होतं. गेलात तर कंदीलवाल्याकडे पोचायची घाई करू नका, त्याच्यापाशी गर्दी असतेच. आधी ते लहान आडवं चित्र शोधा आणि त्याच्यापुढे वेळ द्या. तिथे एखादा माणूस असला तर असतो.